वालूरचं डोकं

भुजंगला कुणी काही विचारलं आणि त्यानं ते लपवलं, असं उभ्या मानवत गावात कधी घडलं नाही. हा गुण नव्हता, खोड होती. एसटी स्टँडासमोर त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक मुका ट्रान्झिस्टर घेऊन यायचं, भुजंग त्याला शेजारी स्टुलावर बसवायचा, ट्रान्झिस्टरचं पोट उघडायचा आणि कुठली नस तुटली ते बोट लावून दाखवायचा. पुढच्या खेपेला ते गिऱ्हाईक घरीच दुरुस्ती करायचं आणि दुकानात यायचं ते फक्त चहा प्यायला.

“दुकान टाकलंस का साळा काढलीस रं?” त्याची माय नर्मदाबाई विचारायची.

“साळाच बरी की. साळंत मास्तराला कुणी मरम्मतीचं विचारत न्हाई.”

“मास्तराला पगार असतो, भाड्या.”

या धंद्याची रीत खरं तर उलटी. आपण कुठली चिप वापरली ते दुसऱ्याला कळू नये म्हणून चिपच्या पाठीवरचा नंबर पॉलिश पेपरनं घासून टाकायचा, हे कारागिरीचं पहिलं कलम. परभणीपासून नांदेडापर्यंत सगळे घासायचे. काही तर इतकं मन लावून घासायचे की पुढं स्वतःलाच आठवायचं नाही, आपण काय लावलं होतं. भुजंगनं आयुष्यात एक नंबर घासला नाही. आपल्या वालूर गावाहून रोज पहिल्या गाडीनं यायचं, सगळ्यांना सगळं सांगायचं आणि शेवटच्या गाडीच्या आत परतायचं, असा त्याचा दिनक्रम.

एकदा हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यानं पिशवीभर चिपा आणल्या. कुठल्या तरी मोडीत काढलेल्या विलायती यंत्रातल्या. त्यांच्या पाठीवर मधोमध शेंगदाण्याएवढी काचेची खिडकी. भुजंगनं एवढ्या चिपा हाताळल्या होत्या, पण खिडकीची चिप पहिल्यांदाच पाहिली. तो थेट परभणीला अनंतरावाकडं गेला. अनंतराव म्हणजे त्याचा मावसभाऊ, तिथल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि प्रयोगशाळेतल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरची किल्ली त्याच्या जानव्याला असायची.

अनंतरावानं चिप उजेडात धरली आणि खुर्चीत नीट बसला.

“भुजंगा, हे बघ. बाजारात जी चिप मिळते तिचं डोकं कंपनी भरून पाठवते. ते जसं आहे तसं वापरायचं. ही तशी नाही. ही कोरी पाटी. आत कसल्या तारा कशाला जोडायच्या, ते आपण लिहायचं. म्हटलं तर हिचं कुलूप होतं, म्हटलं तर घड्याळ.”

“आन् म्हटलं तर डोकं?”

“म्हटलं तर डोकं. पण ते डोकं आधी तुला कागदावर काढावं लागेल. मग मी आमच्या यंत्रावर त्यात भरून देतो. चिप म्हणजे नुसतं घर रे. डोकं खरं कागदावरचं.”

“आन् ही खिडकी?”

“पुसायला. खिडकीतून कडक ऊन आठ-दहा दिवस आत गेलं की लिहिलेलं सगळं जातं. पाटी परत कोरी. म्हणून भरून झालं की खिडकी झाकायची, नाहीतर आपण लिहिलेलंही जायचं. विलायतेत पुसायला वेगळा दिवा असतो.”

“आपल्याकडं वैशाख हाय,” भुजंग म्हणाला.

त्या उन्हाळ्यात वालूरच्या घराच्या माळवदावर नर्मदाबाईच्या कुरडयांच्या शेजारी भुजंगच्या चिपा वाळत पडल्या, खिडक्या आभाळाकडं करून. नर्मदाबाई हातात काठी घेऊन कावळे हाकायची आणि लेकाच्या नावानं ओरडायची, “तुझ्या ह्या गोमांमुळं कावळं बी कुरडयांना तोंड लावंना गेलेत!” म्हणजे फायदाच झाला होता, पण तिला फायदा ओरडून सांगायची सवय होती.

पुढची दोन वर्षं भुजंगनं जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर डोकं काढलं. एवढंसं डोकं. त्याला मोठाली गणितं येत नव्हती. एका वेळी एकच गोष्ट कळायची, हाय का न्हाई. बटण दाबलंय? हाय. मग दिवा लाव. पाणी आलंय? न्हाई. मग मोटर बंद. पण ते एका सेकंदात हजारदा विचारायचं आणि कंटाळायचं नाही. शेजारच्या दुसऱ्या चिपेत कामाची यादी भरली, की यादी बदलेल तसं तेच डोकं कधी मोटर सांभाळायचं, कधी लग्नाच्या मांडवातले दिवे पळवायचं.

“आपल्या सरपंचापेक्षा बरंय,” अनंतराव म्हणाला. “एका वेळी एकच बोलतंय.”

डोकं चाललं त्या दिवशी भुजंगनं काय करावं? त्यानं पूर्ण नकाशा मोठ्या कागदावर काढला, प्रत्येक तार, प्रत्येक जोड, खाली मराठीत बारा कलमं, आणि तो दुकानाबाहेरच्या भिंतीवर डकवून टाकला. ती भिंत साऱ्या गावाची. तिच्यावर ‘नामांतर झालेच पाहिजे’ आणि ‘नामांतर होऊ देणार नाही’ एकमेकांच्या उरावर लिहिलेलं होतं. त्या दोन्हींच्या मधोमध भुजंगचा कागद बसला. पहिलं कलम असं होतं: ‘ज्याला पायजे त्यानं उतरून घ्यावं. विचारू नये.’ सातवं कलम: ‘डोकं भरलं की खिडकीवर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद डकवावा. उघडं डोकं उन्हात ठेवू नये, सगळं विसरतं.’ आणि बारावं नर्मदाबाईनं सांगितलेलं: ‘हे विरजण हाय. नेलं तर पुढच्याला द्यावं लागतं. कुणी काही सुधारलं तर इथं आणून लिहावं.’

कारण वालूरमध्ये विरजण कुणी विकत नाही. शेजारीण वाटी घेऊन आली की भांडण असलं तरी चमचाभर द्यायचं, उद्या आपली वाटी तिच्या दारात जायची असते. नर्मदाबाईला त्या नकाशातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण ते वाटलं तर कमी होत नाही, एवढं तिला दिसत होतं.

लोक येऊ लागले. सेलूचा एक मांडववाला आला, पाथरीचा एक विहिरीवाला आला. पाथरीवाल्यानं महिन्याभरात पाचव्या कलमातली चूक शोधून भिंतीवरच दुरुस्त केली आणि खाली सही ठोकली. भुजंग दिवसभर त्या सहीकडं बघत बसला होता. ज्यांना कागद कळत नव्हता त्यांना तो भरलेली चिपच द्यायचा. खिडकीवर चंदेरी कागद, कागदावर काळ्या शाईनं गावाचं नाव, ‘वालूर’. स्वतःचं लिहिलं नाही. जागा कमी होती.

एक लिंबाजी म्हणून माणूस एका महिन्यात चारदा आला. एकदा टोपी घालून, एकदा पटका बांधून, एकदा डोळ्याला फडकं लावून. प्रत्येक खेपेला तीन-तीन चिपा. चौथ्या खेपेला भुजंग म्हणाला, “लिंबाजी, बस की. कितीदा येगळा माणूस होतूस? दमशील. चहा घे.”

लिंबाजी ओशाळून चहा प्याला आणि चिपा घेऊन गेला. तो परभणीच्या बन्सीधर शेठच्या लाइटिंगच्या दुकानातला गडी होता हे भुजंगला ठाऊक होतं. विरजण मागणाऱ्याचं गोत विचारत नाहीत.

ब्याण्णव सालच्या चैत्रात परभणीहून वकिलाचा कागद आला. बन्सीधर शेठनं जपानहून मागवलेल्या डोक्याची भुजंगनं नक्कल केली असून ती भिंतीवर डकवून शेठच्या धंद्याची नासाडी चालवली आहे, सबब तो कागद उतरवावा, नाहीतर कोर्ट.

भुजंगनं तो दोनदा वाचला. हसावं का भ्यावं, कळेना. मग भ्याला. कोर्ट म्हणजे परभणीच्या खेपा, दुकान बंद, आणि तोवर भिंत कोरी. सेलूवाला, पाथरीवाला, त्यांनी पुढं ज्यांना दिलं ते, सगळेच चोर ठरणार. आणि बन्सीधर काळ्या डब्यात कोंडून तेच डोकं जपानचं म्हणून देत राहणार. विरजण एकाच गाडग्यात बंद.

त्याच सुमारास पोखर्णीला नृसिंहाच्या जत्रेची बैठक होती. लाइटिंगसाठी बन्सीधरही आला होता आणि भुजंगही. जत्रा कमिटीचे अध्यक्ष दिनकरराव म्हणजे निवृत्त हेडमास्तर. दोन पोरं एका पाटीवरून भांडली की पाटी आपल्यापुढं ठेवायची, ही त्यांची जुनी पद्धत. वकिलाचा कागद त्यांनी चष्मा वर-खाली करून वाचला.

“डबा उघडा, शेठ.”

बन्सीधरनं नमुना म्हणून आणलेला डबा कुरकुरत उघडला. आत बारा चिपा ओळीनं, बाजूला कामाच्या यादीची एक. भुजंग पुढं वाकला. तिसऱ्या चिपेचा कोपऱ्यातला वाकडा पाय त्यानं स्वतः चिमट्यानं सरळ केला होता, अजून थोडा वाकडाच होता. बाराही चिपा वालूरच्या माळवदावर वाळलेल्या. फक्त त्यांच्या पाठी पॉलिश पेपरनं गुळगुळीत घासलेल्या. नंबर गेला होता, आणि ‘वालूर’ लिहिलेला चंदेरी कागद खरवडून काढला होता. बारा खिडक्या उघड्या, टक लावून आभाळाकडं बघणाऱ्या.

‘अरे, माझ्याच आहेत’ हे भुजंगच्या ओठावर आलं होतं. ते त्यानं गिळलं. त्याच्या पोटात कुठंतरी गुदगुली झाली.

“मास्तर,” तो म्हणाला, “लेकरू कुणाचं हे कसं ओळखायचं? त्याचं दुखणं ज्याला ठावं, त्याचं. आखितीला दोघांची लाइटिंग लावू. जयंतीपोतर चालू द्या. ज्याचं डोकं बिघडंल त्यानं चारचौघांत उभं राहून बरं करून दाखवायचं. ज्याला जमंल त्याचं डोकं. मला न्हाई जमलं तर भिंतीवरचा कागज मी माझ्या हातानं फाडतो.”

“आणि शेठला नाही जमलं तर?” दिनकररावांनी विचारलं.

“जपानी माल आहे,” बन्सीधर हसला. “बिघडतच नाही.”

दिनकररावांना हे पटलं. दोन्ही डबे जाळीच्या झाकणात घालून, दोऱ्यानं बांधून, लाख लावून आपण मोहोर करणार असं त्यांनी जाहीर केलं. ठेवायचे कुठं, एवढंच राहिलं.

“देवळाच्या ओवरीत ठिवा,” भुजंग म्हणाला. “सावलीला. ऊन लय हाय, शेठ. डोक्याला सोसायचं न्हाई.”

बन्सीधरनं त्याच्याकडं बारीक डोळ्यांनी पाहिलं. पंचवीस वर्षं धंदा केलेला माणूस, समोरचा सावली सुचवतो म्हणजे सावलीत काहीतरी आहे, हे त्याला लगेच कळलं.

“ओवरीत कशाला? अंधारात हात घालायला? उघड्यावर ठेवा. कमानीच्या माथ्यावर, सगळ्या गावाच्या डोळ्यांपुढं. जाळीची बाजू वर करून!”

“शेठ, मी आपलं काळजीनं सांगायलोय—”

“तुझी काळजी तुझ्यापाशी ठेव, कारागीर!”

“बरं बाबा,” भुजंग म्हणाला आणि खाली मान घालून बसला. शेजाऱ्यांना वाटलं, बिचारा खचला.

आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोन्ही डबे कमानीवर चढले. डाव्या अंगाला बन्सीधरचं लाइटिंगचं चित्र. त्याची त्यात हातोटी होती, ते कबूल केलं पाहिजे. हिरण्यकश्यपू गदा उगारून खांबावर मारायचा, खांब दुभंगायचा, नृसिंह बाहेर यायचा, उंबऱ्यावर बसून त्याला मांडीवर घ्यायचा आणि पोट फाडायचा. तांबडे बल्ब भळाभळा वाहायचे. बाया हात जोडायच्या. उजव्या अंगाला भुजंगची साधी दीपमाळ, खालून वर चढणारी आणि वरून खाली उतरणारी. तिच्याकडं कुणी बघत नव्हतं.

चार दिवसांनी अनंतराव वालूरला आला. त्याला सगळं कळलं होतं.

“भुजंगा, त्या उघड्या खिडक्यांचं सांगून टाक त्याला. हे बरं नाही.”

“मी सावलीला ठिवा मनलो की.”

“का ते सांगितलंस?”

भुजंगच्या मनालाही ते टोचत होतं, पण गुदगुलीपेक्षा कमी. नर्मदाबाई माळवदावरून कुरडयांची परात घेऊन उतरत होती. ती अर्ध्या जिन्यात थांबली.

“अनंता, विरजण मागितलं की द्यायचं. मागितल्याबिगर कुणाच्या गाडग्यात हात घालायचा न्हाई. दूध नासलं तर आपल्यावर येतं. त्यानं विचारू दे. विचारलं आन् ह्यानं न्हाई सांगितलं, तर मी ह्याच्या पाठीत घालीन.”

निकाल झाला. अनंतराव कुरडया घेऊन परत गेला.

वैशाख त्या वर्षी इमानदारीनं तापला. आठव्या दिवसापर्यंत काही झालं नाही आणि भुजंगची झोप उडाली. पोखर्णीचं ऊन वालूरपेक्षा मऊ आहे की काय? का खिडक्यांवर धूळ बसली? शेवटी भिंतीवरचा कागद आपल्याच हातानं फाडायची वेळ येते की काय, असं वाटून त्यानं मनातल्या मनात नृसिंहाला नवस बोलायला घेतला. पण देवापुढंच असली लबाडी करून त्याच्याकडंच नवस, हे त्यालाही जरा जास्त वाटलं. त्यानं नवस मागं घेतला.

नवव्या संध्याकाळी गदा मारूनही खांब फुटला नाही. हिरण्यकश्यपूनं परत मारली. परत. सात वेळा मारल्यावर खांब नाइलाजानं फुटला.

“आज दमलेत,” कुणीतरी म्हणालं.

दहाव्या संध्याकाळी नृसिंह बाहेर आला, उंबऱ्यावर बसला, त्यानं हिरण्यकश्यपूला मांडीवर घेतलं, आणि पोट फाडायचं सोडून तो त्याच्या पोटावरून हात फिरवू लागला. वर, खाली. वर, खाली. हिरण्यकश्यपू सुखानं पडून राहिला.

“आगं बाई, झोपवायलाय!” एक म्हातारी ओरडली.

“समेट झाला!” मागून दुसरा. “देवानं केस काढून घेतली!”

हसून हसून लोक मातीत बसले. बन्सीधर आला नव्हता. लिंबाजीनं धावत जाऊन परभणीला निरोप दिला.

अकराव्या दिवशी, जयंतीच्या आदल्या सांजेला, बन्सीधर स्वतः चित्राखाली उभा. दिनकरराव खुर्चीत. बटण दाबलं. आणि सगळे बल्ब एकदमच लागले. देव, राक्षस, गदा, खांब, उंबरा, रक्त, सगळं एकाच वेळी. चित्र राहिलंच नाही, नुसता भगभगीत उजेड. दहा मिनिटं झाली, वीस झाली, काही हलेना. शेजारी भुजंगची दीपमाळ शहाण्या सुनेसारखी चढत होती, उतरत होती.

मोहोर फोडून डबा खाली आणला. बन्सीधरनं तारा हलवल्या. फुंकर मारली. नवी बॅटरी लावली, जिचा त्याच्याशी संबंध नव्हता. कपाळाचा घाम चिपेवर पडला. गाव गोल करून उभं. उद्या जयंती, पाच-पन्नास गावं लोटणार, आणि कमानीवर देवाचं हे असं.

दिनकरराव म्हणाले, “शेठ, जपानला तार करायची का?”

बन्सीधरनं डबा भुजंगकडं सरकवला. मग हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “भुजंगराव, काय झालंय हे?”

भुजंगराव! आयुष्यात पहिल्यांदा. पण भुजंगला त्याचं काही वाटलं नाही. कुणी विचारलं की त्याची जीभ सुटायची, त्यावर त्याचा ताबा नव्हता. तो फतकल मारून बसला, शेठला शेजारी बसवलं आणि चिप हातात घेतली.

“ही खिडकी बघा. हिच्यावर चंदेरी कागज होता. त्यावर वालूर लिहिलेलं. तुमी नाव खरवडलं, म्हून कागज बी गेला. अकरा दिस ऊन आत गेलं. आता ह्याला काहीच याद न्हाई. हाय का न्हाई, एवढं बी इचारता येत न्हाई. जलमलेल्या लेकरावानी झालंय.”

“तू सांगितलं नाहीस!”

“भिंतीवर सातवं कलम हाय, शेठ. तुमच्या लिंबाजीला चार खेपा वाचायला येळ होता.”

“मला वाचायला येत नाही,” लिंबाजी मागून म्हणाला.

दिनकररावांनी मास्तरी आवाजात निकाल दिला: वकिलाचा कागद शेठनं माघारी घ्यावा, भिंतीवरचा भिंतीवर राहील. आणि मग खाली वाकून, जरा कमी मास्तरी आवाजात, “पण भुजंगा, उद्याचं काय?”

भुजंगच्या पिशवीत बारा भरलेल्या चिपा होत्या. कामाच्या यादीची चिप तेवढी शेठची स्वतःची होती, आणि तिचं नशीब असं की तिला खिडकीच नव्हती. तासाभरात डोकी बदलली. नृसिंहानं पोट फाडलं. लोकांनी नारळ फोडले, काहींनी कालचंच बरं होतं म्हणून तक्रारही केली.

“एक हाय शेठ,” डबा लावता लावता भुजंग म्हणाला. “गावात लाइट सारखी कमी-जास्त व्हायली, तरी तुमची एक बी चिप जळाली न्हाई. माझ्या तर वरचेवर जळतात. काय केलंत?”

बन्सीधरनं आजूबाजूला पाहिलं. जुनी सवय. “ते... मधे एक साधा बल्ब टाकलाय. वाढीव झटका तो झेलतो.”

“बाबो! दोन वर्सं माझ्या टकुऱ्यात आलं न्हाई हे! भिंतीवर लिवा.”

“भिंतीवर?”

“बारावं कलम.”

पुढच्या सोमवारी मानवतच्या स्टँडासमोर परभणीचे बन्सीधर शेठ धोतराचा सोगा सावरून भिंतीशी उभे राहिले आणि बल्बाची जोडणी काढून खाली सही केली, पाथरीच्या विहिरीवाल्याच्या शेजारी. बाजारचा दिवस होता. बरेच लोक बघायला आले. भुजंगनं कुणाला मुद्दाम बोलावलं नव्हतं, फक्त ज्यानं विचारलं त्याला सांगितलं होतं.

शेठ सुधारले असं मात्र कुणी समजू नये. नांदेडाकडं ते अजूनही जपानी डोकंच सांगायचे. फक्त चंदेरी कागद खरवडणं बंद केलं. त्यावर काळा रंग फासू लागले.

त्या रिकाम्या झालेल्या बारा चिपा भुजंगनं घरी नेऊन माळवदावर टाकल्या, राहिलंसाहिलं पुसायला. आठ दिवसांनी मोजल्या तर अकराच भरल्या. दिवाळीत नर्मदाबाईनं भांडण मिटलं म्हणून शेठच्या घरी कुरडयांचा डबा पाठवला होता. शेठाणीनं कढईत कुरडई सोडली, तिच्यात अडकलेली काळी, पायांची काहीतरी वस्तू तरंगत वर आली आणि शेठाणीनं झारा टाकून अंगण गाठलं.

शेठ आले. त्यांनी ती चिमट्यानं उचलून पुसली. एक पाय वाकडा.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी मानवतला आला, टोपी नाही, पटका नाही, उघड्या डोक्यानं. रुमालात ती चिप.

“शेठनी इचारलंय,” तो म्हणाला, “तळलेली चालती का?”

भुजंगनं त्याला स्टुलावर बसवलं.